गायतोंडे नेमके कधी बदलले? न्यूयॉर्कच्या आधी, न्यूयॉर्कमध्ये की नंतर?

रेघोटी

वासुदेव गायतोंडे यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले आणि बोलले जाते, त्यातली कथा आता जवळजवळ ठरून गेली आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेला एक गुणी चित्रकार आधी आकृतिप्रधान, म्हणजे माणसे-वस्तू ओळखू येतील अशी, चित्रे काढतो, पॉल क्ली या युरोपीय चित्रकाराच्या प्रेमात पडतो, १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला जातो, तिथे मार्क रॉथ्को या अमेरिकी अमूर्त चित्रकाराची चित्रे पाहतो आणि परत येतो तो पूर्ण अमूर्त चित्रकार होऊनच. कथा सुटसुटीत आहे, सांगायलाही सोपी आहे, पण माझ्या मते ती तारखांच्या कसोटीला टिकत नाही.

गायतोंडे यांनी आकृती सोडली ती १९५९ च्या सुमारास, म्हणजे अमेरिकेला जाण्याच्या चार-पाच वर्षे आधी. तेव्हा ते मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होते. त्यांचे 'पेंटिंग, ४' हे चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे आणि ते १९६२ चे आहे. त्या चित्रात माणूस नाही, पक्षी नाही, घर नाही. जे न्यूयॉर्कला जाऊन घडले असे आपण मानतो, ते गिरगाव ते ब्रीच कँडी एवढ्या टापूतच घडून गेले होते.

माझे म्हणणे असे आहे की त्यांच्या चित्रांतले बदल हे 'कोणाचा प्रभाव पडला' या प्रश्नाने नीट उलगडत नाहीत. 'हातात कोणते साधन होते आणि शरीर काय करू शकत होते' या प्रश्नाने ते अधिक उलगडतात. पहिला बदल १९५९ ते १९६२ या काळातला, दुसरा १९६८ च्या आसपासचा, जेव्हा त्यांचे कॅनव्हास उभे झाले, आणि तिसरा १९८४ च्या अपघातानंतरचा. सभासदांनी आपली मते मांडावीत. विशेषतः ज्यांनी मूळ चित्रे समोर उभे राहून पाहिली आहेत, त्यांनी अवश्य लिहावे, कारण छापील प्रतिमेवरून गायतोंडे यांच्याविषयी मत बनवणे फारसे विश्वासार्ह नाही.

गिरगावकर

उत्तम विषय. पार्श्वभूमी म्हणून थोडी भर घालतो. गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरचा, कुटुंब मूळचे गोव्याचे, आणि वाढले ते आमच्या गिरगावातल्या चाळीत. जे. जे.ची पदविका त्यांनी १९४८ साली घेतली. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांचा गट १९४७ साली स्थापन झाला तेव्हा ते संस्थापकांत नव्हते. सुझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे ते सहा जण. गायतोंडे पुढे त्या वर्तुळात आले. पण त्या मंडळींची आक्रमक मांडणी, जाहीरनाम्याची भाषा किंवा वादावादी त्यांच्या स्वभावात कधी दिसली नाही. ते गटात होते आणि तरी एकटेच होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पंतोजी

रेघोटी, तुमच्या तारखा बरोबर आहेत, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. आकृती सोडणे आणि 'गायतोंडे' होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. १९६२ च्या आसपासची चित्रे पाहा: त्यांत रंगाचे जाड थर आहेत, पॅलेट नाइफने, म्हणजे रंग पसरवायच्या बोथट सुरीने, ओढलेले पट्टे आहेत, मध्यावर कुठेतरी एक आडवी रेषा आहे, आणि त्या रेषेमुळे पाहणाऱ्याचा डोळा आपोआप समुद्र आणि क्षितिज शोधू लागतो. आकृती गेली, पण निसर्गचित्राची हाडे अजून शिल्लक होती, असे मी म्हणेन. आता सत्तरीतली, म्हणजे १९७० च्या दशकातली, चित्रे आठवा. थर पातळ झालेले, प्रकाश पृष्ठभागावरून न येता आतून झिरपल्यासारखा, आणि आकार एका अदृश्य उभ्या अक्षाभोवती तरंगत असलेले. हा फरक लहान नाही. तो १९६४-६५ च्या अमेरिकेतल्या वास्तव्यानंतरच ठळक होत गेला. रंगाच्या विस्तीर्ण, शांत पृष्ठभागांशी प्रत्यक्ष गाठ पडल्यावर एखाद्या चित्रकाराला स्वतःच्या जाड थरांविषयी प्रश्न पडला असेल, तर त्यात अस्वाभाविक काय आहे? प्रभाव म्हणजे नक्कल नव्हे. कधी कधी प्रभाव म्हणजे केवळ परवानगी असते.

भोचक

धाग्यात शिरण्याआधी एक व्यावहारिक अडचण मांडतो. या गृहस्थांच्या बहुतेक चित्रांना शीर्षकच नाही. घरी 'मला गायतोंडेंचे ते चित्र फार आवडले' असे सांगितले, की 'कोणते?' या प्रश्नाला साल आणि रंग सांगण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्यावर 'सत्तरीतले पिवळसर' असे उत्तर दिल्यास समोरच्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात, ते मात्र पूर्णपणे आकृतिप्रधान असतात.

अबोली

भोचक, :) शीर्षकच नव्हे, तर पुढच्या काळातल्या चित्रांवर समोरच्या बाजूला सहीही सापडत नाही. ती मागच्या बाजूला असते, आणि बऱ्याचदा देवनागरीत. मला हे फार बोलके वाटते. उजव्या कोपऱ्यातली सही चित्राचा एक भाग होऊन बसते, डोळा शेवटी तिथे जाऊन थांबतो. ज्याला पाहणाऱ्याचा डोळा कुठेच थांबायला नको आहे, तो सही मागे नेईल हे ओघानेच आले.

टर्पेन्टाइन

मी स्वतः तैलरंगात काम करतो, त्यामुळे रेघोटी यांनी 'साधन' हा शब्द वापरला याचा आनंद झाला. या धाग्यावर आतापर्यंत रंगाविषयी बोलणे झाले, पृष्ठभाग तयार कसा होतो याविषयी झाले नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रशने काम करताना प्रत्येक फटकाऱ्याला दिशा असते, सुरुवात असते आणि शेवट असतो. तो फटकारा मनगटाची हालचाल नोंदवून ठेवतो. गायतोंडे यांनी साठच्या दशकात ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ यांवर भर दिला, तेव्हा ही नोंदच पुसली गेली. रोलरने रंग लावला जातो तेव्हा मनगटाचे वळण त्यात उतरत नाही. उतरतो तो केवळ दाब. दाब कमी-जास्त झाला की कुठे रंग गोळा होतो, कुठे खालचा थर उघडा पडतो. रोलरच्या दोन्ही कडांना रंगाची बारीक रेघ उमटते, ती नको असेल तर ओल्या रंगावरच पुन्हा आडवा रोलर फिरवावा लागतो किंवा नाइफने ती रेघ अलगद उचलावी लागते. हे करून पाहिल्याशिवाय त्यातली मेख लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कागद. वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे कापलेले तुकडे रंगात दाबून ते उचलण्याची, किंवा त्यांच्यावरचा रंग कॅनव्हासवर उतरवण्याची पद्धत त्यांनी वापरली. कागद उचलला की खालचा रंग त्याच्याबरोबर थोडासा निघून येतो आणि मागे एक आकार राहतो, ज्याची कड काही ठिकाणी धारदार असते आणि काही ठिकाणी विरलेली. सत्तरीतल्या चित्रांत लिपीतल्या अक्षरांसारखी वाटणारी जी चिन्हे आपल्याला दिसतात, त्यांतली बरीचशी अशी रंग 'काढून' (उचलून) तयार झालेली आहेत, हाताने 'काढलेली' (रेखाटलेली) नाहीत. पंतोजी ज्या आतून झिरपणाऱ्या प्रकाशाविषयी लिहितात, त्याचे कारणही इथेच आहे. वरचा थर पातळ आणि अर्धपारदर्शक असला, की प्रकाश त्यातून खालच्या फिकट थरापर्यंत जातो आणि परावर्तित होऊन बाहेर येतो. त्यासाठी खालचा थर पुरता वाळलेला असावा लागतो, आणि तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, त्याला दिवस लागतात, कधी आठवडे लागतात. वर्षाला त्यांची जेमतेम पाच-सहाच चित्रे होत, यामागे चिंतन होतेच, पण रसायनशास्त्रही होते.

पंतोजी

टर्पेन्टाइन, फार सुरेख प्रतिसाद. पण यातून माझ्याच मुद्द्याला बळ मिळते असे मला वाटते. थर पातळ करण्याचा निर्णय कधी झाला? जाड थरांच्या काळातही रोलर आणि नाइफ हातात होतेच. साधन तेच राहिले आणि परिणाम बदलला, तर बदलाचे कारण साधनाबाहेर शोधावे लागेल.

रेघोटी

पंतोजी, हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला सरळ उत्तर देतो. पातळ, झिरपता थर गायतोंडे यांना न्यूयॉर्कमध्ये प्रथम भेटला, असे मानण्याचे कारण नाही. जे. जे.मध्ये शंकर पळशीकर आणि जगन्नाथ अहिवासी यांच्यासारखे शिक्षक होते, भारतीय लघुचित्रांचा अभ्यास तिथे गांभीर्याने होत असे, आणि गायतोंडे यांच्या सुरुवातीच्या कामावर बसोली या पहाडी शैलीच्या आणि जैन लघुचित्रांचा ठसा स्पष्ट आहे. लघुचित्राचा रंग सपाट असतो, त्याला मर्यादित जागेत पूर्ण तेजाने उभे राहायचे असते. पन्नाशीच्या दशकात त्यांनी कागदावर जलरंगातही भरपूर काम केले. ज्याने जलरंग हाताळला आहे त्याला पातळ थराचे तेज शिकवायला कोणी रॉथ्को लागत नाही. मधली जाड थरांची काही वर्षे हाच खरा अपवाद आहे. आकृती काढून घेतल्यावर चित्रात जी पोकळी निर्माण झाली, ती त्यांनी आधी रंगाच्या वस्तुमानाने भरून पाहिली आणि नंतर ते वस्तुमानही काढून टाकले.

सांजवेळ

मी चित्रकलेतली नाही, गाण्यातली आहे. मला हा सगळा क्रम आलापासारखा वाटतो: बंदिशीचे शब्द गेले, मग तालही गेला, उरले ते केवळ स्वरांचे एकमेकांशी असलेले नाते.

भोचक

सांजवेळ, आणि गायक कमी झाल्यावर तिकीट महाग झाले. :) २०१३ च्या डिसेंबरात क्रिस्टीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात त्यांचे १९७९ चे चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले आणि दोनच वर्षांनी १९९५ चे एक चित्र २९.३ कोटींना. वर्षाला पाच-सहा चित्रे आणि तीही बिननावाची. बाजारपेठेच्या दृष्टीने याहून उत्तम योजना कोणी आखली नसती.

गिरगावकर

योजना आखली असती तर ती स्वतःच्या हयातीत फळाला येईल अशी आखली असती, भोचक. गायतोंडे १० ऑगस्ट २००१ रोजी गेले. हे सगळे आकडे त्यानंतरचे आहेत. हयातीत ते दिल्लीत निजामुद्दीनमधल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या लहानशा घरात, अत्यंत साधेपणाने राहिले. सन्मान मिळाले नाहीत असे नव्हे. १९५७ साली टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिले पारितोषिक, १९७१ साली पद्मश्री आणि १९८९ साली मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान. पण सन्मान आणि पैसा यांचे आपल्याकडे कधी फारसे सख्य नव्हते.

टोकियोचे पारितोषिक १९५७ चे आहे हेही लक्षात घ्यावे. म्हणजे आकृती सोडण्यापूर्वीच त्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली होती. ज्या शैलीला बक्षीस मिळाले तीच शैली पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी बाजूला ठेवली. या गोष्टीचे महत्त्व मला न्यूयॉर्कपेक्षा अधिक वाटते.

कोरा कॅनव्हास

गिरगावकर यांच्या शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. यश मिळालेली शैली सोडणे ही गोष्ट चित्रकारांमध्ये जितकी दुर्मीळ आहे तितकीच धोक्याची. गॅलरीला ओळखता येईल असा माल हवा असतो.

या संदर्भात भुलाभाई इन्स्टिट्यूटविषयी कोणी लिहील का? तिथे रविशंकर यांचे संगीत विद्यालय होते, अल्काझींची नाट्यसंस्था होती, हुसेन, प्रफुल्ला डहाणूकर, नसरीन मोहमदी यांच्यासारखे चित्रकार काम करत होते. बदल जर १९५९ ते १९६२ या काळात झाला असेल, तर त्या वास्तूला श्रेय द्यावे लागेल.

अबोली

नसरीन मोहमदींचे नाव आले म्हणून लिहिते. गायतोंडे त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे. नसरीन यांचा जन्म १९३७ चा. त्यांच्या सुरुवातीच्या कामात गायतोंडे यांची छाया दिसते हे अनेकांनी नोंदवले आहे, आणि ते पाहिल्यावर पटतेही. पण पुढे दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या झाल्या. नसरीन यांनी रंगच काढून टाकला आणि शाई, पेन्सिल, पट्टी यांच्या साहाय्याने रेषेचे असे जाळे विणले की त्यात हाताचा कंप शोधूनही सापडत नाही. गायतोंडे यांनी रंग ठेवला आणि रेषा काढून टाकली. दोघेही वजाबाकीच करत होते, पण वजा काय करायचे याविषयी त्यांचे एकमत नव्हते. प्रभाव म्हणजे परवानगी, हे पंतोजींचे वाक्य या जोडीला अगदी चपखल लागू पडते. न्यूयॉर्कविषयी मात्र मी रेघोटींच्या बाजूने आहे.

वऱ्हाडी

विषयांतराचा दोष पत्करून एक नाव घेतो. विदर्भाने अमूर्त चित्रकलेला दिलेले नाव केवळ नागपूरच्या गायतोंडे यांचे नाही. अंबादास खोब्रागडे यांचा जन्म १९२२ चा, अकोल्याचा. १९६३ साली दिल्लीत ज्यांचे प्रदर्शन झाले त्या 'ग्रुप १८९०' या चित्रकारांच्या गटात जगदीश स्वामिनाथन यांच्याबरोबर ते होते, आणि पुढे ते नॉर्वेत स्थायिक झाले. टर्पेन्टाइन यांनी फटकाऱ्याविषयी जे लिहिले ते वाचताना मला सतत अंबादास आठवत होते, कारण त्यांची चित्रे म्हणजे ब्रशच्या गतीचाच उत्सव आहे. एकाच पिढीतले दोन वैदर्भीय, दोघेही अमूर्त, एकाच्या चित्रात हाताची प्रत्येक हालचाल दिसते आणि दुसऱ्याच्या चित्रात हात होता याचाच मागमूस लागत नाही. अमूर्त चित्रकला 'सगळी सारखीच दिसते' असे म्हणणाऱ्यांना मी या दोघांची चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहायला सांगतो.

टर्पेन्टाइन

वऱ्हाडी, हे विषयांतर मुळीच नाही. अंबादास यांचा फटकारा वळतो, गुंतत जातो आणि त्याची सुरुवात बोट ठेवून दाखवता येते. गायतोंडे यांच्या चित्रात कोणता थर आधी आणि कोणता नंतर, हे मला तैलरंगात इतकी वर्षे काढूनही खात्रीने सांगता येत नाही.

साक्षी

इथे सर्वांनी थर, रोलर आणि कागद यांची चर्चा चालवली आहे, पण गायतोंडे यांच्या आयुष्यातला झेन बौद्ध विचार, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांच्याविषयी कोणी चकार शब्दही काढलेला नाही. निसर्गदत्त महाराज तर गिरगावाच्या शेजारी खेतवाडीतच राहत. मौन हा या माणसाच्या जगण्याचा पाया होता. कॅनव्हाससमोर दिवसच्या दिवस काही न करता बसून राहणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. अशा चित्रकाराच्या शैलीतला बदल रोलरने समजावून सांगणे मला अपुरे वाटते.

रेघोटी

साक्षी, तुमचा मुद्दा मी टाळलेला नाही, जाणीवपूर्वक बाजूला ठेवला होता. झेनविषयीची ओढ त्यांना १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनच होती आणि ती शेवटपर्यंत राहिली. अडचण अशी आहे की जी गोष्ट चाळीस वर्षे सतत होती, ती चाळीस वर्षांत झालेल्या बदलांचे कारण म्हणून सांगता येत नाही. मौन १९६० मध्येही होते, १९७५ मध्येही होते आणि १९९५ मध्येही होते. चित्रे मात्र तिन्ही वेळी वेगळी आहेत.

मला वाटते, मौनाचा संबंध त्यांच्या कामाच्या पद्धतीशी अधिक जवळचा आहे. रोलर दाबला की काय उमटेल, कागद उचलला की काय मागे राहील, यावर चित्रकाराचा पूर्ण ताबा नसतो. तो ताबा सोडण्याची तयारी आणि तरीही नको ते ठामपणे पुसून टाकण्याची तयारी, या दोन्ही गोष्टी एकत्र असल्याशिवाय ही चित्रे होऊ शकत नाहीत. तुमचे तत्त्वज्ञान आणि टर्पेन्टाइन यांचा रोलर एकमेकांचे विरोधक नाहीत.

साक्षी

पूर्ण समाधान झाले नाही, पण 'सतत असलेली गोष्ट बदलाचे कारण होऊ शकत नाही' याला माझ्याकडे तूर्त उत्तर नाही.

मोरपीस

मी कलासमीक्षक नाही आणि इथली बरीचशी नावेही माझ्यासाठी नवी आहेत. पण मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, तिथे गायतोंडे यांचे एक चित्र पाहिले होते, त्याविषयी लिहिते. समोरून पाहिले तेव्हा मला सुरुवातीला काहीच विशेष वाटले नाही. मग एका बाजूला सरकून, भिंतीला जवळजवळ चिकटून तिरकस पाहिले. तेव्हा असे दिसले की पृष्ठभाग अजिबात एकसारखा नाही. काही ठिकाणी कॅनव्हासची वीण स्पष्ट दिसत होती, काही ठिकाणी ती रंगाखाली बुडालेली होती, आणि जिथे समोरून मला नुसता गडद डाग वाटला होता तिथे एक बारीक उंचवटा होता, ज्याच्या एकाच बाजूला दुसऱ्या रंगाची अगदी पुसट कड होती. सुरक्षारक्षकाने मला मागे सरकायला सांगितले, ते योग्यच होते. पण पुन्हा समोर जाऊन उभी राहिले तेव्हा तो डाग मला डाग वाटेना.

टर्पेन्टाइन

मोरपीस, तिरकस पाहणे हीच योग्य पद्धत आहे, फक्त रक्षकाची नजर चुकवून. तुम्ही वर्णन केलेला एकाच बाजूचा उंचवटा हा बहुधा कागद ओढून काढताना त्याच्या कडेशी गोळा झालेला रंग असावा. कागद ज्या बाजूने उचलला जातो त्याच्या विरुद्ध बाजूला रंग असा साचतो.

कोरा कॅनव्हास

आता रेघोटी यांच्या तिसऱ्या टप्प्याकडे वळू या, कारण त्याविषयी कोणीच बोललेले नाही. १९८४ चा अपघात. त्यात झालेल्या दुखापतीमुळे मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहून काम करणे त्यांना काही वर्षे शक्य झाले नाही. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने चित्रे केली. मला ती फार महत्त्वाची वाटतात, आणि त्यांच्याविषयी फारच कमी लिहिले जाते, बहुधा ती कागदावरची आणि लहान असल्यामुळे. या चित्रांत रेषा परत येते! पंचवीस वर्षे जिला दाराबाहेर ठेवले होते, ती १९५० च्या दशकातली, क्लीच्या वळणाची रेषा नव्हे, तर अक्षरासारखी, तुटक, एका दमात मारलेली. शाईला थर चालत नाहीत. पुसता येत नाही, वाट पाहता येत नाही. आयुष्यभर वाट पाहून काम केलेल्या माणसाला या वयात असे माध्यम हाती घ्यावे लागले.

अबोली

आणि ऐंशीच्या अखेरीस ते कॅनव्हासकडे परतले तेव्हा ती शाईची चिन्हे बरोबर आली, असे मला वाटते. नव्वदीतल्या चित्रांत आकार कमी आहेत आणि जे आहेत ते अधिक ठाशीव आहेत. सत्तरीत ते विरघळत असत, नव्वदीत ते उभे राहतात. उत्तरार्धात हात थकला म्हणून चित्र सोपे झाले, असे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही.

पंतोजी

कोरा कॅनव्हास आणि अबोली यांचे दोन्ही प्रतिसाद वाचून माझ्या भूमिकेत थोडा बदल करतो, पूर्ण शरणागती मात्र पत्करत नाही. १९८४ नंतरचा बदल शरीराने लादलेला होता आणि त्याचे स्पष्टीकरण साधनातून नीट मिळते, हे मान्य. १९५९ चा बदल मुंबईत झाला, हेही मान्य. पण मधला बदल, १९६५ ते १९६८ या तीन वर्षांतला, ज्यात थर पातळ झाले आणि कॅनव्हास आडव्याचा उभा झाला, तो परत आल्यावर लगेच सुरू होतो. हा योगायोग आहे असे रेघोटींना म्हणायचे आहे का?

रेघोटी

योगायोग म्हणणार नाही. पण न्यूयॉर्कने काय दिले याचे माझे उत्तर वेगळे आहे. हे वास्तव्य घडले त्यात मॉरिस ग्रेव्हज या अमेरिकी चित्रकाराचा वाटा होता. त्याने १९६३ च्या भारतभेटीत गायतोंडे यांचे काम पाहिले आणि तो प्रभावित झाला. म्हणजे अमेरिकेने त्यांना ओळखले ते त्यांनी मुंबईत केलेल्या कामावरून. १९६५ साली तिथल्या विलार्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले. माझ्या मते त्यांना तिथे शैली मिळाली नाही, तर एकांत मिळाला. ओळखीचे कोणी नाही, नातलग नाहीत, जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवरची रोजची मैफल नाही. परत आल्यावर त्यांनी तो एकांत जपला, १९७२ साली मुंबई सोडून दिल्लीला गेले, आणि तिथे तो आणखी कडक केला.

उभ्या कॅनव्हासविषयी: आडव्या चित्रात मधली रेषा कितीही नाकारली तरी क्षितिज होऊन बसते, हे तुम्हीच तुमच्या पहिल्या प्रतिसादात लिहिले आहे. क्षितिजापासून सुटका हवी असेल तर कॅनव्हास उभा करणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. पाच-सहा फूट उंच उभ्या चित्रासमोर पाहणारा उभा राहिला, की त्याला समोर निसर्ग दिसत नाही, स्वतःच्या शरीराच्या मापाची एक गोष्ट दिसते. हा प्रश्न त्यांच्या १९६२ च्या चित्रातच दडलेला होता. त्याचे उत्तर सापडायला १९६८ उजाडले.

पंतोजी

क्षितिजाचा मुद्दा माझाच माझ्यावर उलटवलात, हे मान्य करावे लागेल. तरीही एक सांगतो: २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांना ते परके वाटले नाहीत. अमेरिकी अमूर्त चित्रकलेशी काही नाते असल्याशिवाय हे घडत नाही.

भोचक

पंतोजी, त्यानंतर तेच प्रदर्शन व्हेनिसलाही गेले होते. तेव्हा आता व्हेनिसच्या जुन्या चित्रकाराचा, तिशियनचा, प्रभाव सिद्ध करायला घ्यावा, ही नम्र सूचना.

गिरगावकर

भोचक यांना आवरा कोणीतरी. :)

पंतोजी आणि रेघोटी, दोघांसाठी एक सुचवतो. १९६२, १९६७-६८ आणि १९७४ च्या सुमाराची प्रत्येकी दोन चित्रे निवडून, लिलावांच्या सूचिपत्रांत मिळणारी मापे आणि मागच्या बाजूच्या नोंदी यांसह ती क्रमाने लावू या. लांबी-रुंदीचे गुणोत्तर कोणत्या वर्षी पालटते हे त्यातून निश्चित दिसेल. ते १९६५ च्या लगेच नंतर पालटत असेल तर पंतोजींचे पारडे जड, आणि मधली दोन-तीन वर्षे आडवे-उभे दोन्ही चालू असतील तर रेघोटींचे.

टर्पेन्टाइन

मापांबरोबर थरांच्या जाडीचीही नोंद व्हावी. छायाचित्र तिरकस प्रकाशात घेतलेले असेल तरच ती कळेल, म्हणून शक्य तिथे मूळ चित्रच पाहावे. १९६७-६८ ची दोन चित्रे शोधण्याचे काम मी घेतो.